मधल्या जागेचा चौथरा

मी एक जुना लाकडी चौथरा आहे, मित्रांनो. चौथरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भाषणे, हारतुरे आणि टाळ्या आल्या असतील. त्यातले माझ्या वाट्याला काहीच आले नाही. मी ज्यू लोकांच्या प्रार्थनागृहात राहतो. मला कुणी तेबा म्हणते, कुणी बिमा. बिमा हा शब्द ऐकून एका रंगाऱ्याने विचारले होते, "म्हणजे याचा हप्ता कुठं भरायचा?" सगळे हसले होते. मला मात्र तेबा हेच नाव आवडते.

मला आठ बाजू आहेत. भोवती कमरेएवढा कठडा आहे आणि वर उतरत्या फळीचे एक रुंद मेज आहे. त्या मेजावर धर्मग्रंथाची गुंडाळी उलगडतात आणि उभ्याने मोठ्याने वाचतात. त्या ग्रंथाला तोरा म्हणतात. आपल्याकडे तोरा मिरवतात तो वेगळा. हाही मिरवतातच, पण मान खाली घालून.

मला घडवणारा सुतार मोठा रागीट होता. कठड्याला पॉलिश केल्यावर तो कुणालाही जवळ फिरकू देत नसे. तरी एक आजोबा राहवेना म्हणून पुढे आले आणि त्यांनी कठड्याला बोट लावलेच. "अहो आजोबा, ओला आहे तो!" सुतार खेकसला. आजोबा पोरासारखे ओशाळले. त्यांच्या बोटाचा ठसा तसाच वाळला. सुताराने तो घासून काढला नाही. म्हणाला, "राहू दे. मालकाची सही आहे असं समजू."

माझी जागा दालनाच्या मधोमध होती. चारही बाजूंना बाके, सगळ्यांची तोंडे माझ्याकडे. समोरच्या भिंतीत एक उंच कपाट होते, त्यात तोराच्या गुंडाळ्या ठेवत. शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, कपाट उघडत. गुंडाळी छातीशी धरून एक जण बाकांमधून चालत माझ्यापर्यंत येई. वाटेत माणसे पुढे होत, मखमली आवरणाला हात लावत आणि तो हात ओठांना लावत. बापाच्या कडेवरची पोरेही वाकून हात लांब करत. सगळ्यांना भेटत भेटत ती गुंडाळी माझ्या मेजावर पोचे.

मला पायऱ्यांचे दोन जिने होते, एक कपाटाच्या बाजूला आणि एक मागच्या बाजूला. वाचनासाठी बोलावलेल्या माणसाने जवळच्या जिन्याने चढायचे आणि लांबच्या जिन्याने उतरायचे, अशी रीत होती. येताना घाई असावी, जाताना पाय निघू नये, असा तिचा अर्थ. मला ती रीत फार आवडायची.

आता वाचनाविषयी सांगतो. त्या गुंडाळीतल्या अक्षरांना आपल्या भाषेत सांगायचे तर काना-मात्रा नसतात. विरामचिन्हे नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत. वाचणाऱ्याने आठवडाभर घरी घोकून यायचे आणि मग नुसत्या अक्षरांवरून सुरात वाचायचे. एखादा शब्द चुकला, की चारही बाजूंनी बरोबर शब्द उठायचा. वाचणारा थांबायचा, तो शब्द पुन्हा नीट म्हणायचा आणि पुढे जायचा. त्यात कुणाचा अपमान नव्हता.

माझ्यावर कितीतरी जण वाचून गेले. पण ज्यांच्यासाठी माझा जीव अजून तुटतो, ते दोघे भाऊ.

थोरले शिंपी होते. कोपऱ्यावर त्यांचे लहानसे दुकान होते. आठवडाभर पायाने मशीन चालवत ते शनिवारचा भाग म्हणत बसत, त्यामुळे त्यांच्या वाचनाला मशीनची लय होती. लांब शिवण आली की सूर लांबायचा. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण सरळ वर चढायचा, धूप चढतो तसा.

धाकटे बांधकामाचे ठेकेदार होते. उत्साही, उजळ तोंडाचे, सतत काहीतरी दुरुस्त करू पाहणारे. त्यांच्या खिशात मोजपट्टी असायचीच. छताची गळती त्यांनी काढली, खिडक्यांना नव्या काचा त्यांनी बसवल्या, म्हाताऱ्यांसाठी दाराशी उतार त्यांनीच बांधला. हे विसरायचे नाही, मित्रांनो. ते वाईट माणूस नव्हते.

आणि त्या दोघांची आई. बायका वरच्या सज्ज्यात बसत. सज्जा तीन बाजूंनी होता आणि मागच्या बाजूने तो पार माझ्या डोक्याजवळ येई. तिथे, अगदी सज्ज्याच्या कठड्याला लागून, त्या बसत. उतारवयात त्यांना ऐकू कमी येऊ लागले. घरी दाराची घंटा ऐकू येईना, सूनबाईंची हाक ऐकू येईना. पण शनिवारी थोरल्याचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू यायचा.

धाकट्यांची बायको त्यांच्या शेजारीच बसे. ती जिना उतरताना चेष्टेने म्हणायची, "सासूबाई, तुमच्या कानांना माणसं कळतात हं. भावजींचं सगळं ऐकू येतं आणि मी भाजी विचारली की बहिऱ्या!"

"तुझी भाजी मला पाठ आहे," त्या म्हणायच्या. खरे तर तोराही त्यांना पाठ होता. आधी नवरा घरात घोकायचा, मग मुलगा. चुली-भांड्यांच्या आवाजात ऐकून ऐकूनच त्यांना तो आला होता.

मग वस्ती वाढली. नवी कुटुंबे आली. शनिवारी बाके पुरेनाशी झाली आणि लग्नांत तर लोक दाराबाहेर उभे राहू लागले. एका संध्याकाळी कारभारी मंडळींची बैठक दालनातच भरली. धाकट्यांनी मोजपट्टी काढली, माझी लांबी घेतली, रुंदी घेतली आणि म्हणाले, "हा तेबा पुढं सरकवून भिंतीला लावला तर बाकांच्या किती रांगा वाढतील बघा."

थोरले माझ्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली. "सरकवून म्हणजे?"

"म्हणजे कपाटाशेजारी. दादा, मधोमध हे एवढं मोठं धूड. अर्ध्या लोकांना तुझी पाठ दिसते."

"दिसू दे की. लोक काय नाटक बघायला येतात?"

"लग्नात खुर्च्या कुठं मांडायच्या मग? तूच सांग."

"ते मला नाही सांगता येणार," थोरले म्हणाले. "मला एवढंच कळतं, की मी लोकांमध्ये उभा राहून वाचतो. लोकांसमोर उभं राहून मला वाचता यायचं नाही."

"सवय होईल."

"नाही होणार."

"दादा, हट्ट करू नकोस. सगळ्यांच्या सोयीचं बघायला नको?"

"मग तू मोज आणि तूच ठरव. मला कशाला विचारतोस?"

धाकटे दिवसभर कामावर उभे राहून आले होते. दमलेले होते, आणि सगळ्यांसमोर आपले ऐकले जात नाही याने दुखावलेलेही होते. ते पटकन बोलून गेले, "तुला विचारतंय कोण? तुझ्याशिवाय वाचणारा मिळणार नाही असं वाटतं का तुला?"

बोलल्याक्षणी धाकट्यांचा चेहरा उतरला, मी पाहिले. त्याच क्षणी ते "चुकलो" म्हणाले असते, तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण मंडळी बघत होती.

"मिळेल," थोरले हळूच म्हणाले. "नक्की मिळेल." ते उठले, माझ्यावर चढले, मेजावरचे कापड नीट केले आणि मागच्या जिन्याने सावकाश उतरून दाराबाहेर गेले. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानावरच्या खोलीत काही कुटुंबे प्रार्थनेला जमत. तिथे तेबा नव्हता, साधे टेबल होते. थोरले तिथे वाचू लागले.

मला हलवायला मजूर आले. सुताराने मला लाकडी खुंट्यांनी जोडले होते. खुंट्या ठोकून काढल्या असत्या तर मी सुटा सुटा होऊन सुखरूप पुढे गेलो असतो. पण घाई होती. पहार लावली, दोर बांधले आणि ओढले. माझ्या दोन बाजू फाटल्या, त्यांना वरून खिळे मारले. वाचकाचे तोंड लोकांकडे यावे म्हणून मला फिरवून भिंतीला लावले, तेव्हा मागचा जिना भिंतीला अडू लागला, म्हणून तो करवतीने कापला आणि अडगळीच्या खोलीत टाकला. झाडलोट करणाऱ्या मावशी त्यावर चढून जळमटे काढू लागल्या. तो तरी कुणाच्या कामी आला, असे मी मनाला सांगितले.

बाके वाढली, खुर्च्या मांडल्या गेल्या, लोकांनी धाकट्यांची पाठ थोपटली. नवा वाचक तरुण होता, तयारीचा होता. लोकांना आता त्याचा चेहरा दिसत होता. पण कपाटापासून माझ्यापर्यंत आता जेमतेम दोन पावले. गुंडाळी बाहेर निघायची आणि लगेच मेजावर यायची. बाकांमधला तो फेरा बंद झाला. मागच्या रांगेतली मुले हात पुढे करायची आणि तसेच मागे घ्यायची. वाचायला चढणारा आणि वाचून उतरणारा एकाच जिन्यावर समोरासमोर यायचे आणि "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत अंग चोरायचे. कुणाला हे फारसे खटकले नाही. माणसाला कशाचीही सवय होते, धाकटे म्हणाले होते ते खरेच होते.

आई मात्र आपल्या जागेवरच बसत राहिल्या. खाली जिथे मी होतो तिथे आता बाके होती. बायका म्हणायच्या, पुढे या, कपाटाच्या बाजूला बसा. त्या मान हलवून नको म्हणायच्या. भिंतीशी उभा राहून मला त्या लांबवर दिसायच्या. ओठ हलत असायचे. मला वाटायचे, ऐकू येत असेल. मी लाकूड, मला काय कळणार? पण ज्यांना कळायला हवे होते, त्यांनाही तसेच वाटले.

थोरले आठवड्यातून एकदा, धाकटे कामावर गेले की, आईला भेटायला घरी जायचे. शनिवारी आईंना त्या दुसऱ्या टोकाच्या खोलीपर्यंत चालवत नसे, आणि विश्रांतीच्या दिवशी हे लोक वाहनात बसत नाहीत. असाच काळ गेला. मग एका थंडीत आई गेल्या. दफनाच्या वेळी दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले आणि एकमेकांशी न बोलता परत गेले, असे मी ऐकले.

त्यानंतर बऱ्याच काळाने एका दुपारी सज्ज्याच्या छताला ओल आली म्हणून धाकटे वर चढले. आता ते वाकले होते, गुडघे दुखत होते. बायको बरोबर होती. सज्ज्यातल्या फळीवर सासूबाईंची शाल आणि बसायची उशी तशीच राहिली होती, ती न्यायला ती आली होती. खाली माझ्यावर तरुण वाचक शनिवारची तयारी करत होता. दम खायला म्हणून धाकटे कठड्याजवळच्या बाकावर टेकले. ती आईंची जागा होती.

थोडा वेळ ते तसेच बसले. मग कानामागे हात धरला. मग वाकून म्हणाले, "अहो, जरा मोठ्यानं वाचता का?"

वाचकाने आवाज चढवला.

"हं, वाचा ना."

"वाचतोय की!" तो ओरडला.

दालन रिकामे होते आणि लाकडाला लाकडातून ऐकू येते, म्हणून सज्ज्यातले पुढचे बोलणे मला सगळे ऐकू आले.

"आई इथंच बसायची ना गं?"

"हो. शेवटपर्यंत."

"मला इथं नुसती गुणगुण ऐकू येतेय. माझे कान तर चांगले आहेत. तिला काय ऐकू यायचं?"

बायको उशीवरची धूळ झटकत होती. "काहीच नाही," ती म्हणाली. "त्यांच्या त्याच म्हणायच्या मनातल्या मनात. पुढं चला म्हटलं तर म्हणायच्या, पुढं जाऊन तरी काय, माझा थोरला कुठं आहे तिथं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाल्या, मी काही बोलले तर एकाच्या बाजूनं बोलल्यासारखं होईल. मला दोघं हवेत." तिने शाल उचलून तिची घडी केली. "आणि तुम्ही तरी कधी विचारलंत? सगळ्यांच्या सोयीचं मोजलंत. वर येऊन एकदा बसला नाहीत."

वाचक खाली वाचतच होता, त्याला काही कळले नव्हते. धाकटे कठड्याला धरून उठले आणि तसेच निघाले.

पुढचे मी पाहिलेले नाही. धाकट्यांच्या बायकोने मावशींना सांगितले, तेव्हा मी ऐकले. धाकटे थोरल्यांच्या दुकानात गेले. काय बोलावे सुचेना, म्हणून कोटाचे एक बटण वाटेतच तोडून घेतले होते. थोरल्यांनी कोट घेतला, बटण लावले, दोरा दातांनी तोडला आणि कोट परत दिला. "झालं. अजून काही?"

"दादा, तेबा परत मध्ये नेतोय."

"आता कशाला? लग्नं कमी झाली का?"

"आईला ऐकू येत नव्हतं रे. इतकी वर्षं. मला माहीतच नव्हतं."

थोरल्यांनी मशीनवर हात ठेवला. "मला माहीत होतं," ते म्हणाले.

"तुला? मग..."

"तिनं एकदा विचारलं होतं मला. येशील का रे परत, तू नाहीस तर मला काही ऐकू येत नाही, म्हणाली. मी म्हणालो, त्यानं बोलवावं, मग येईन." थोरल्यांनी दोऱ्याचे रीळ बाजूला सारले. "तुला निदान माहीत नव्हतं. मला माहीत असून मी इथं बसून राहिलो."

दोघे भाऊ दुकानात बसून रडले. बाहेर एक गिऱ्हाईक पँटची लांबी कमी करून घ्यायला आले होते. ते आत डोकावले आणि पाय न वाजवता परत गेले.

मला परत मध्ये आणले. या वेळी धाकटे स्वतः उभे होते आणि मजुरांवर ओरडत होते, "सांभाळून! लागेल त्याला!" मला हसू येण्याऐवजी वाईट वाटले. कापलेला जिना वाळवीने पोखरला होता. त्यामुळे नवा करून जोडला. त्याचे लाकूड वेगळ्या रंगाचे आहे. मधल्या काळात फरशीही नवी घातली होती, त्यामुळे माझा एक कोपरा आता किंचित डुगडुगतो. दुरुस्त केलेली वस्तू दुरुस्त केलेलीच दिसते, मित्रांनो.

आणि एका शनिवारी थोरले आले. केस पांढरे, हातात काठी. गुंडाळी पुन्हा बाकांमधून फिरत आली. पण बाकांवर माणसे थोडी होती. नवी कुटुंबे आली तशी निघूनही गेली होती, कुणी कामासाठी, कुणी मुलांकडे. ज्या रांगांसाठी मला हलवले, त्या रांगा आता रिकाम्या होत्या.

थोरले वाचू लागले. तोच सूर, पण थकलेला. मी कान लावून होतो. मधल्या एका ओळीत त्यांचा एक शब्द चुकला. ते थांबले. बरोबर शब्द कुणीतरी सांगेल म्हणून त्यांनी क्षणभर वाट पाहिली, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. लोक आदराने गप्प होते. ते पुन्हा मागे गेले, स्वतःच शब्द सुधारला आणि वाचन पुरे केले.

मागच्या जिन्याशी धाकटे हात द्यायला उभे होते. थोरल्यांनी त्यांचा हात धरला आणि विचारले, "मी चुकलो ते कळलं का तुला?"

"नाही, दादा."

"आईला कळलं असतं," थोरले म्हणाले, आणि दोघे बाकावर जाऊन एकमेकांना लागून बसले.

त्यानंतर थोरले काही वेळाच वाचू शकले. मग डोळे गेले, आणि पुढे तेही गेले. आता तरुण वाचक, जो आता तरुण राहिलेला नाही, माझ्यावर वाचतो. धाकटे समोर बसतात. कधी नवे दिवे लावायची, कधी बाके बदलायची गोष्ट निघते. तेव्हा ते आपले दुखरे गुडघे घेऊन आधी सज्ज्यात चढतात आणि तिथल्या प्रत्येक बाईला विचारून येतात. उशिरा सुचलेले शहाणपण म्हणून लोक मागे हसतात. मी हसत नाही.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरले आहेत असे नाही. फाटलेल्या फळ्या खिळ्यांनी किती धरणार? मला पुसत जा, पॉलिश करत जा, असे मी सांगणार नाही. लाकडाचे दुखणे सुताराला कळते. तुम्हाला एकच सांगायचे आहे. घरात, वर्गात, कुठेही काही हलवायचे ठरवाल, तेव्हा जो सगळ्यांत मागे बसला आहे आणि कधीच तक्रार करत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला विचारा, "ऐकू येतंय ना?" आणि तो नुसती मान हलवेल, तर तेवढ्यावर उठून येऊ नका.